पंचवीस वर्षांची साधना आठ महिन्यांत मोडली. पुन्हा सुरुवात कुठून करावी?

सातरस्ता

नमस्कार. मी सोलापूरचा, वय ५४. १९९९ च्या दिवाळीनंतर घराजवळच्या एका सकाळच्या वर्गात योगासने शिकायला लागलो आणि पुढे तो वर्ग बंद पडल्यावर घरी एकट्याने चालू ठेवले. पहाटे पाचला उठायचे, १२ सूर्यनमस्कार, ठरलेली चौदा आसने, नाडीशोधन आणि भ्रामरी हे प्राणायाम, आणि शेवटी वीस मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसायचे, असा साधारण सव्वा तासाचा क्रम होता. लग्नाचा आणि बदल्यांचा काळ सोडला तर त्यात फारसा खंड पडला नाही.

मागच्या वर्षी आई न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया, नंतरची सेवा, रात्रीची जागरणे यात आठ महिने गेले. आता ती वॉकर घेऊन घरात फिरते, मला पहाटेचा वेळही मिळतो, पण साधना काही जुळत नाही. पहिल्याच दिवशी जुना क्रम पूर्ण करायला गेलो आणि पश्चिमोत्तानासनात मांडीच्या मागे काहीतरी ओढले गेले. त्यानंतर ध्यानाला मांडी घातली की पाच मिनिटांत उठावेसे वाटते.

शरीर आखडले याचे मला इतके दुःख नाही. त्या आठ महिन्यांत मी आईवर अनेकदा चिडलो, एकदा तर रात्री दोन वाजता तिने पाणी मागितले म्हणून ओरडलो, हे मात्र मनातून जात नाही. पंचवीस वर्षे शांत बसण्याचा अभ्यास केलेल्या माणसाने असे वागावे, तर तो अभ्यास मुळात रुजला होता का? ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांहून अधिक काळ हे टिकवले आहे, त्यांनी स्वतःचे अनुभव लिहावेत. ढकललेले संदेश आणि 'फक्त सुरुवात करा' असे सल्ले कृपया नकोत.

कडकभाकरी

मालक, आपल्या गावची कडक भाकरी महिनोन्महिने टिकते, कारण तिच्यातले सगळे पाणी काढून टाकलेले असते. साधना टिकवायची तर तिच्यातले नेमके काय काढून टाकायचे, एवढेच शोधा. मी स्वतः सात वेळा सुरू करून सात वेळा सोडली असल्यामुळे जागा धरून बसतो.

ब्राह्ममुहूर्त

मी थोडे कडक लिहिणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादाच्या, म्हणजे प्रकरणाच्या, चौदाव्या सूत्रात अभ्यास दृढ कसा होतो ते सांगितले आहे: 'स तु दीर्घकालनैरन्तर्यसत्कारासेवितो दृढभूमिः.' दीर्घकाळ आणि निरंतर, हे दोन्ही शब्द तिथे आहेत. मी ३१ वर्षांत एकही दिवस सोडलेला नाही. प्रवासात रेल्वेच्या वरच्या बर्थवर बसून प्राणायाम केला आहे, ताप असताना अंथरुणावर पडून श्वास मोजले आहेत. एक दिवस सोडला की मन सौदा करायला शिकते आणि पुढच्या वेळी तो सौदा अधिक स्वस्तात पटतो. आईची सेवा करताना तुम्हाला सव्वा तास मिळाला नसेल हे मान्य आहे, पण पाच मिनिटेही मिळाली नसतील हे मला पटत नाही.

ओसरी

ब्राह्ममुहूर्त, तुमच्या निष्ठेबद्दल आदर आहे, तरी एक प्रश्न विचारते. आपल्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते आणि ते पुष्कळदा पहाटे किंवा मध्यरात्री येते. या ३१ वर्षांत त्या वेळी उठून तुमच्या घरी पाणी कोण भरत होते?

मी ६१ वर्षांची आहे आणि १९९२ पासून साधना करते. माझा हिशेब तुमच्यासारखा अखंड नाही. दोन बाळंतपणे, सासूबाईंचा अर्धांगवायू, मुलांच्या परीक्षा आणि पाण्याचे दिवस यांनी तो ठिकठिकाणी फाटलेला आहे. एका वर्षी मी फक्त गच्चीवर वाळवण राखत बसले असताना दीर्घ श्वसन केले, दुसरे काही नाही. पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, ज्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहिते त्याच चौकोनात, साधनेच्या दिवशी एक ठिपका देत आले. जुन्या दिनदर्शिका अजून माळ्यावर आहेत. सलग ठिपक्यांची पाने त्यात कमी आहेत, पण पूर्ण कोरे असे एकही वर्ष नाही.

आणखी एक. तुम्ही त्या सूत्रातले दोन शब्द सांगितलेत आणि तिसरा तसाच पुढे जाऊ दिलात. तिथे 'सत्कार' हाही शब्द आहे. आदराने केलेली दहा मिनिटे आणि हजेरी लावण्यासाठी केलेली दहा मिनिटे यांतला फरक त्या शब्दात आहे. तापात अंथरुणावर मोजलेले श्वास यांपैकी कोणत्या प्रकारचे होते, ते तुम्हालाच ठाऊक.

ब्राह्ममुहूर्त

पाणी पत्नी भरत असे. हे मी आजवर या दृष्टीने पाहिले नव्हते. मुद्दा मान्य आहे.

मागावरचा

माझे शिक्षण तेलुगू माध्यमात झाले आहे, त्यामुळे लिहिण्यात चूक झाल्यास सांभाळून घ्यावे. मी पूर्व भागात यंत्रमागावर काम करतो. पाळी बारा तासांची असते आणि एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची अशी बदलत राहते. त्यामुळे पहाटे पाच ही वेळ एका आठवड्यात माझी झोपायची असते आणि दुसऱ्या आठवड्यात कामाच्या मध्यावर येते. सुरुवातीला पुस्तकात वाचले की वेळ निश्चित असावी, तेव्हा आपल्याला हे जमणार नाही असे समजून मी दोन वर्षे सोडून दिले.

नंतर माझ्याच लक्षात आले की पाळी कोणतीही असली तरी घरी आल्यावर मी आंघोळ करतोच, कारण अंगावर सुताची धूळ असते. म्हणून साधना घड्याळाऐवजी आंघोळीला बांधली. आंघोळ झाली की भिंतीला पाय वर टेकवून दहा मिनिटे विपरीत करणीसारखे पडायचे, कारण बारा तास उभे राहून पोटऱ्या भरून येतात. मग शवासन, मग बसणे. याला आता १७ वर्षे झाली.

ध्यानाबद्दल एक गोष्ट सांगतो. डोळे मिटले की माझ्या कानात माग चालूच राहतो. खटक-खटक थांबत नाही. पुष्कळ वर्षे मी तो आवाज घालवायचा प्रयत्न केला. आता त्या आवाजावरच बसतो. काही वेळाने तो लांब जातो, काही दिवशी जात नाही.

तळ्याकाठचा

पतंजलींनी सांगितलेल्या नऊ अंतरायांमध्ये, म्हणजे योगातल्या अडथळ्यांमध्ये, 'संशय' तिसऱ्या क्रमांकावर आहे, तेव्हा मला या चर्चेत अधिकृत स्थान आहे असे समजून लिहितो. मी १५ वर्षे रोज सकाळी संभाजी तलावाच्या बाजूला तासभर चालतो. माझा रक्तदाब ठीक आहे, झोप चांगली लागते, आणि मीही घरी चिडतो. मूळ धागाकर्त्यांना एवढेच विचारतो की साधना नसती तर आपण किती चिडला असता हे आपल्याला कसे कळणार? दुसरा, साधना न केलेला सातरस्ता शेजारच्या घरात ठेवून तुलना करता आली असती, तर काही सांगता आले असते. तशी सोय नसल्यामुळे पंचवीस वर्षे वाया गेली हे जसे सिद्ध होत नाही, तसे ती कामी आली हेही सिद्ध होत नाही.

मौन_दहा_दिवस

सातरस्ता, चिडचिडीच्या प्रश्नावर लिहिते, कारण तो माझाही आहे. २००८ साली इगतपुरीच्या धम्मगिरीत मी विपश्यनेचे पहिले दहा दिवसांचे शिबिर केले. घरी आल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसावे असे तिथे सांगतात. मी चार महिने बसले, नंतर एकच वेळ, नंतर काहीच नाही, आणि पुढची तीन वर्षे केवळ अपराधी वाटून घेण्यात घालवली. दुसऱ्या शिबिरानंतरही तेच झाले. तिसऱ्यानंतर मी स्वतःशी पंचवीस मिनिटांचा करार केला आणि तो गेली अकरा वर्षे टिकला आहे.

मी अजूनही चिडते. पण चिडण्यापूर्वी छातीत काहीतरी तापते, ते मला आता दहापैकी तीन वेळा आधी कळते. उरलेल्या सात वेळा नंतर कळते. आपल्याला रात्री दोन वाजताची ती घटना इतकी स्पष्ट आठवते आणि खुपते, यात आपल्या पंचवीस वर्षांचा काही वाटा असेल, असे मला वाटते.

तळ्याकाठचा

ताई, हे सांत्वन म्हणून छान आहे, पण ही थोडी पळवाट नाही का? शांत राहिलो तर साधनेचे यश, आणि ओरडून नंतर पश्चात्ताप झाला तर तेही साधनेचेच यश. पश्चात्ताप तर साधना न करणाऱ्यांनाही होतो. मला स्वतःला झालेला आहे.

मौन_दहा_दिवस

हरकत नाही, पळवाट म्हणा. दहापैकी तीन हा आकडा मात्र मी ओढूनताणून आणलेला नाही. पूर्वी तो शून्य होता.

सांधेवाली

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे मनाचे सोडून मांडीचे विचारते. सातरस्ता, तुम्हाला दुखते ते मांडीच्या मध्यभागी, की वर, बसताना जे हाड जमिनीला टेकते त्याच्या अगदी जवळ? आणि बराच वेळ बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर ते वाढते का?

तसे असेल तर मांडीच्या मागचे स्नायू ज्या कंडरेने त्या हाडाला जोडलेले असतात, ती कंडरा दुखावली असण्याची शक्यता आहे. वर्षानुवर्षे पुढे वाकण्याची आसने करणाऱ्यांमध्ये ही तक्रार मी पुष्कळदा पाहते. यात गंमत अशी की ताण दिल्याने बरे वाटेल असे समजून माणूस आणखी वाकतो आणि ती आणखी चिडते. तिला काही काळ ताणापासून विश्रांती आणि मग हळूहळू वाढवलेला भार, म्हणजे सेतुबंधासनासारखी बळ देणारी हालचाल हवी असते. पण आधी कोणाकडून तरी प्रत्यक्ष तपासून घ्या, मजकूर वाचून निदान होत नाही.

पन्नाशीनंतर साधना पुन्हा सुरू करणाऱ्या सर्वांसाठी थोडे लिहिते. खंडानंतर दम लवकर परत येतो, कंडरा आणि सांधे सावकाश येतात, आणि नेमकी इथेच दुखापत होते, कारण डोक्याला जुने आसन आठवत असते. काचबिंदू असेल तर शीर्षासनासारखी उलटी आसने टाळावीत. रक्तदाब वाढलेला असेल तर जोरकस कपालभाती आणि लांब कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, करू नये. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झालेल्या स्त्रियांनी पाठीला पोक काढून खोल पुढे वाकू नये. या वयात स्नायू आपोआप कमी होत जातात, म्हणून लवचीकतेच्या मागे लागण्यापेक्षा उत्कटासन, वीरभद्रासन आणि भिंतीजवळ उभे राहून वृक्षासन यांना जास्त वेळ द्यावा. सातरस्तांच्या आई जशा पडल्या, तसे पडू नये यासाठी तोल आणि पायांतले बळ लागते, अंगठ्याला नाक लावून काही होत नाही.

आणि उन्हाळ्यात, पारा ४२ अंशांच्या पुढे जातो तेव्हा, उजाडल्यानंतर बारा सूर्यनमस्कारांचा हट्ट धरू नका. सूर्य तसाही आपल्याला रोज पुरेसा नमस्कार करायला लावतो.

सातरस्ता

सांधेवाली ताई, अगदी तिथेच दुखते. खुर्चीत फार वेळ बसलो तरी दुखते. म्हणजे ध्यानातून पाच मिनिटांत उठावेसे वाटते त्याचे कारण मी मनात शोधत होतो आणि ते हाडापाशी होते की काय? मी गेले तीन आठवडे रोज आणखी ताण देत होतो.

कडकभाकरी

पंचवीस वर्षांच्या आध्यात्मिक संकटाचे मूळ बैठकीत सापडल्याबद्दल अभिनंदन.

जुनी_पोथी

ब्राह्ममुहूर्त आणि ओसरी यांच्या वादावर एक जुना संदर्भ देतो. स्वात्मारामांच्या हठप्रदीपिका या हठयोगावरच्या ग्रंथात, पहिल्या उपदेशातल्या पंधराव्या श्लोकात, योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत: अत्याहार (अति खाणे), प्रयास, प्रजल्प (फार बडबड), नियमाग्रह, जनसंग (लोकांत फार मिसळणे) आणि लौल्य (चंचलपणा). यातला 'नियमाग्रह' हा शब्द मोठा मजेदार आहे. त्याची फोड नियम अधिक आग्रह अशी केली, तर नियमांचा हट्ट योगाचा नाश करतो असा अर्थ निघतो. नियम अधिक अग्रह अशी केली, तर नियम न धरणे योगाचा नाश करते. व्याकरणाने दोन्ही चालतात. ब्रह्मानंदांच्या 'ज्योत्स्ना' टीकेत पहिला अर्थ घेतला आहे आणि थंड पाण्याने पहाटे स्नान, केवळ फलाहार अशी उदाहरणे दिली आहेत.

मला मात्र वाटते की एकाच माणसाला आयुष्यात दोन्ही अर्थ लागतात, फक्त वेगवेगळ्या वयात. तिशीत आपण अग्रहाने मोडतो आणि पन्नाशीत आग्रहाने. सातरस्तांनी खंडानंतर पहिल्याच दिवशी चौदाच्या चौदा आसने करायला घेतली, तो आग्रह होता. यादीतला 'प्रयास' म्हणजे अतिश्रम, तोही त्यात आलाच. 'प्रजल्प' आणि 'जनसंग' यांच्याविषयी या धाग्यावर मी काही बोलणे बरे नाही.

ब्राह्ममुहूर्त

जुनी_पोथी यांचा श्लोक मी पूर्वी वाचला होता आणि दुसरी फोड सोयीची म्हणून तीच धरली होती, हे कबूल करतो. पण आता सगळे एका बाजूला झुकू लागले आहेत, म्हणून एक हरकत नोंदवतो. लवकरच कोणीतरी येऊन म्हणेल की आईची सेवा हीच साधना होती, तेव्हा खंड पडलाच नाही. मला हे पटत नाही. सेवा ही सेवा आहे आणि ती साधनेपेक्षा मोठी असू शकते, पण दिवसातल्या प्रत्येक चांगल्या कामाला साधना म्हणू लागलो की बसण्याची गरजच उरत नाही. सातरस्तांची आठ महिने साधना झाली नाही. ती झाली नाही असे सरळ म्हणण्यात काही कमीपणा नाही.

ओसरी

या वेळी मी तुमच्या बाजूची आहे. वाळवण राखताना मी दीर्घ श्वसन केले म्हणून ठिपका दिला. नुसते वाळवण राखले त्या दिवशी दिला नाही.

तळ्याकाठचा

थोडी वेगळी बाजू मांडतो. आपल्या गावच्या सिद्धरामेश्वरांना आपण शिवयोगी म्हणतो. बाराव्या शतकातल्या त्या योग्याने लोकांना हाताशी धरून तळे खोदले, आणि आजही मंदिर त्या तळ्यातच आहे. त्यांनी ध्यान आणि खोदकाम यांचे ठिपके वेगवेगळे दिले असतील असे मला वाटत नाही.

ब्राह्ममुहूर्त

आपण सिद्धरामेश्वर झालो की हा प्रश्न पुन्हा चर्चेला घेऊ.

निवृत्त_शिक्षिका

मी ७९ वर्षांची आहे. नात लिहून देते आहे, शब्द माझे आहेत.

१९७८ मध्ये मी लोणावळ्याच्या कैवल्यधामात योगशिक्षणाचा अभ्यासक्रम केला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ती संस्था काढली आणि उड्डियान, नौली अशा पोटाच्या क्रियांत शरीरात काय घडते ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासले. तिथून मी एक सवय घेऊन आले. जे करतो त्याने काय झाले ते दर थोड्या काळाने तपासायचे, आणि उपयोग संपला असेल तर ते सोडायचे. ही सवय नसती तर माझी साधना टिकली नसती, कारण मी जी साधना तेहतिसाव्या वर्षी करत होते तिच्यातले आज जवळपास काहीच करत नाही. शीर्षासन पन्नाशीत सुटले. पद्मासन गुडघ्यांनी साठीत सोडवले. सूर्यनमस्कार पंचाहत्तरीत करोनाच्या आजारानंतर गेले. आता खुर्चीत बसून हातापायांच्या हालचाली, अनुलोम-विलोम, ओंकार आणि दुपारी शवासन, एवढेच उरले आहे. प्रत्येक गोष्ट सुटताना मला वाईट वाटले, आणि पद्मासनाच्या वेळी तर मी महिनाभर रुसून काहीच केले नाही.

सातरस्ता, तुम्हाला पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांची गोष्ट माहीत असेल. १९७९ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांना स्कूटरचे अपघात झाले आणि ज्या आसनांसाठी जग त्यांना ओळखत होते ती त्यांना जमेनाशी झाली. इतक्या मोठ्या माणसालाही पुन्हा आरंभापासून, वर्षानुवर्षे खपून ते मिळवावे लागले. ते ९५ वर्षांचे होऊन २०१४ मध्ये गेले आणि शेवटपर्यंत दोर, पट्टे, ठोकळे आणि खुर्च्यांच्या आधाराने साधना करत होते. आधार घेणे म्हणजे कमीपणा असे आमच्या पिढीला वाटत असे. तुम्ही तसे वाटून घेऊ नका. खुर्ची घ्या, बैठकीखाली मऊ घडी घ्या.

आईवर ओरडल्याबद्दल विचारलेत. माझे यजमान दोन वर्षे अंथरुणाला खिळून होते. मीही ओरडले आहे. तेव्हा मी तीस वर्षे योग शिकवत होते. याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि जवळ असल्याचे मी भासवणार नाही.

मागावरचा

बाई, नमस्कार स्वीकारावा. जुन्या सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या, कारखान्यात आमचे एक मिस्त्री असेच सांगत, की ताणा, म्हणजे उभे सूत, तुटला तर सुताचा पूर्ण बीम (गुंडाळलेला रूळ) फेकून देत नाहीत, तुटलेली तार शोधून गाठ मारतात. आणि गाठ कापडाला दिसतेच.

कडकभाकरी

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. कडक भाकरी टिकते खरी, पण ती कुस्करून आमटीत भिजवल्याशिवाय कोणाच्याही घशाखाली उतरत नाही. आठव्यांदा सुरुवात केली आहे. आज तिसरा दिवस. मागावरच्यांप्रमाणे आंघोळीला बांधली आहे, त्यामुळे रविवारी जरा अडचण येईल असे दिसते.

सातरस्ता

जवळजवळ महिन्याने लिहितो आहे, क्षमस्व. तपासून घेतले. सांधेवाली ताईंचा अंदाज बरोबर निघाला. पुढे वाकणे सध्या बंद आहे, सेतुबंधासन आणि उभ्याची आसने चालू आहेत. सूर्यनमस्कार दोनच, तेही गुडघे वाकवून. ध्यान खुर्चीवर, खाली घडी घालून, बारा मिनिटे. २७ दिवसांत चार दिवस बुडाले, त्यातले दोन पाण्याचे होते. ओसरी ताई, दिनदर्शिकेत ठिपके देतो आहे, दुधाच्या शेजारीच.

आईला मी त्या रात्रीबद्दल विचारले. तिला ती रात्र आठवत नाही. शस्त्रक्रियेनंतर पायात गोळे येत तेव्हा मी पोटऱ्या चोळून देत असे, तेवढे तिला आठवते. तिने माझ्या समाधानासाठी असे सांगितले का, हे मला ठरवता आलेले नाही.

आता तीही सकाळी वॉकर घेऊन समोरच्या खुर्चीत येऊन बसते. 'मीपण करते तुझ्याबरोबर' म्हणते आणि दोन मिनिटांत घोरू लागते. पहिले काही दिवस मला त्याचा फार त्रास झाला. आता मी श्वास मोजणे सोडून तिचे घोरणेच मोजतो. बारा मिनिटांत साधारण दीडशेपर्यंत जाते.

मागावरचा

माझ्या मागापेक्षा बरेच सावकाश आहे.